पाच खुर्च्यांचं चित्र

आमच्या घरात रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण शिवून ठेवायची पद्धत आहे. शिवून म्हणजे खरोखर सुई-दोऱ्यानं. वाचनालयातून पुस्तक आलं की अम्मा ते आधी आपल्या ताब्यात घेते. शेवटचं प्रकरण कुठून सुरू होतं ते मी तिला बोटानं दाखवते आणि ती समासात तीन टाके घालून तेवढी पानं बंद करून टाकते. दोरा चादरीच्या सुताचा, पांढरा. मग पुस्तक वाचायचं, शिवणीशी आलं की थांबायचं. प्रत्येकानं आपला गुन्हेगार चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. तिन्ही चिठ्ठ्या पडल्याशिवाय दोऱ्याला कात्री लागत नाही.

ही पद्धत घातली नान्नांनी. नान्ना म्हणजे माझे वडील. आमची मातृभाषा तेलुगू, सोलापूरच्या पूर्व भागातल्या बहुतेक विणकर घरांसारखी. नान्ना चौथीपर्यंत शिकले तेही तेलुगू शाळेत. मराठी ते शिकले रहस्यकथांच्या पातळ पुस्तकांतून. त्या पुस्तकांत दर आठ-दहा पानांनी एक काळ्या शाईचं चित्र असायचं: उघडी खिडकी, सांडलेला पेला, दाराआडून डोकावणारी बाई. नान्ना आधी चित्र बघायचे आणि ती बाई कुणावर डोळा ठेवून आहे ते कळावं म्हणून शेजारचं पान अक्षर-अक्षर लावत वाचायचे. एखाद्या मुलाला गोळीची लालूच दाखवून शाळेत न्यावं तसं त्या चित्रांनी त्यांना मराठीत नेलं. म्हणून आमच्याकडे जेवणखाण, रुसवेफुगवे, नातेवाइकांची उणीदुणी सगळं तेलुगूत चालतं, पण पुस्तक उघडलं की बोलणं मराठीत. नान्ना मला रागावतात तेलुगूत आणि खुनी शोधतात मराठीत.

अम्माला मराठी वाचता येत नाही. ती फक्त चित्रं बघते आणि दुसऱ्या-तिसऱ्या चित्राला निकाल देऊन मोकळी होते. तिच्या चिठ्ठीवर अक्षर नसतं, चित्र असतं. खुनी मिशीवाला असेल तर नुसत्या मिशा, चष्मेवाला असेल तर चष्मा. विचारलं, हाच कशावरून, तर म्हणते, "तोंड बघ की त्याचं." आणि निम्म्या वेळा ती बरोबर असते. याचा मला लहानपणापासून संताप येत आलाय.

नान्नांची रीत वेगळी. ते चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायचे. आमच्या चादरीला दोन्ही बाजूंनी नक्षी असते. एका बाजूला पांढऱ्यावर लाल मोर, तर उलटून बघा, लालवर पांढरा मोर, तोंड दुसरीकडे केलेला. नान्ना म्हणायचे, गोष्टीतला प्रत्येक माणूस उलटून बघायचा. जो इकडून लाल दिसतोय तो तिकडून पांढरा आहे का? समोरच्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो, हे मी शाळेत शिकले नाही. चादरीवरच्या दोन मोरांवर बोट ठेवून त्यांनीच मला ते शिकवलं. नान्नांची चिठ्ठी चुकल्याचं माझ्या आठवणीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तरी.

चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात, त्याला आम्ही ग्राफ म्हणतो. ग्राफची एक ओळ म्हणजे पुठ्ठ्याचं एक कार्ड. जिथं चौकट भरलेली, तिथं कार्डाला भोक पाडायचं. ती कार्डं ओळीनं ओवून मागावर चढवली की त्या भोकांप्रमाणे सूत उचललं जातं आणि मोर उमटतो. पंचिंगचं छोटं यंत्र आमच्या पुढच्या खोलीतच होतं. नान्ना त्याच्यासमोर बसायचे, त्यांची नजर आणि दोन्ही हात यंत्रावर. ग्राफ कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावा लागायचा, आणि आमच्या घरी ते कुणीतरी म्हणजे मी.

"तीन भरल्या, दोन रिकाम्या, पाच भरल्या, एक रिकामी." शाळेतून आल्यावर तासभर मी हेच पाढ्यासारखं म्हणायची. नान्ना मान वर न करता भोकं पाडत जायचे. पुढं मी गणिताची शिक्षिका झाले, त्याचं मूळ या तीन भरल्या-दोन रिकाम्यांत असावं. मात्र माझा स्वभाव तेव्हाही घाईचाच. मी दहा वर्षांची असताना खेळायला जायच्या ओढीनं एका ओळीत चार रिकाम्यांऐवजी पाच म्हणाले. त्या कार्डानं विणलेल्या सगळ्या चादरींवर मोराच्या चोचीला खाच पडली. कारखान्यातला मुकादम चादरीचा तुकडा घेऊन घरी आला. मी दाराआड उभी होते. नान्नांनी तो तुकडा उजेडाकडे धरला, बघितला आणि म्हणाले, "पंच माझा हुकला." मुकादमाचं जे काही ऐकायचं ते ऐकून घेतलं. तो गेल्यावर पुन्हा यंत्रासमोर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ग्राफ पुढं ठेवून म्हणाले, "वाच, बिड्डा." बिड्डा म्हणजे लेकरू. मी पन्नाशी ओलांडली तरी त्यांच्या लेखी बिड्डाच आहे.

दोन वर्षांपूर्वी नान्नांचे डोळे गेले. गेले म्हणजे पूर्ण अंधार नाही झाला. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजला आणि कडा तेवढ्या राहिल्या. माणूस आलेला कळतो, पण त्याच्या चेहऱ्याच्या जागी धुरकट गोळा दिसतो. पुस्तकाचं पान दिसतं, अक्षर दिसत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ते टिकवू या. नान्ना रिक्षात एवढंच म्हणाले, "मधलंच गेलं की. कडेचं घेऊन काय करू?"

मी म्हणाले, मी वाचून दाखवते. माझं सासर दोन गल्ल्या सोडून. शाळा सकाळची. जेवून, जरा पाठ टेकून तीनला मी माहेरी हजर व्हायची आणि पाचपर्यंत वाचायची. उन्हाळ्यात त्या वेळी आमच्या पत्र्याच्या घरात भाकरी न भाजता कडक होईल अशी धग असते. अम्मा खिडकीला ओलं पोतं लावायची, शेजारच्या यंत्रमागांची खटखट चालू असायची आणि त्या खटखटीच्या वर आवाज चढवून मी खून, चोऱ्या, विषप्रयोग वाचायची. गल्लीतल्या बायकांना सगळ्या कथा आपोआप कळायच्या.

पुस्तकं देणारे काका मूळचे वळसंगचे. घरी कन्नड, दुकानात मराठी. कन्ना चौकाजवळच्या त्यांच्या वाचनालयाच्या निम्म्या भागात आता मोबाइलची कव्हरं लटकतात, पण मागच्या भिंतीला जुन्या सचित्र रहस्यकथा त्यांनी अजून ठेवल्यात. काही वाचक इतके नतद्रष्ट असतात, की पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवतात, "माळ्यानं मारला." काका अशा ओळींवर कागदाची पट्टी चिकटवतात. आमच्या टाक्यांच्या भोकांवर मात्र ते कधी चिडले नाहीत. उलट कुणी विचारलं तर सांगतात, "ही भोकं हायत म्हंजे पुस्तक चांगलं हाय. त्या घरी वाचून आलंय."

मजकूर वाचणं सोपं होतं. चित्र वाचणं हे खरं काम. नान्नांना चित्रातलं सगळं हवं असायचं. दिवा कुठं आहे, सावली कुणीकडे पडलीय, बाईच्या हातात बांगड्या आहेत का. एकदा त्यांनी विचारलं, "पडद्याला चुण्या किती?"

मी वैतागून म्हणाले, "नान्ना, पडदा आहे, पडदा. विकत घ्यायचाय का तुम्हाला?"

"चुण्या सारख्या नसतील तर मागं माणूस हाय, बिड्डा."

होता. पडद्यामागं माणूस होता. अशा वेळी मला राग आणि अभिमान एकदमच यायचा.

मग ते पाच खुर्च्यांचं पुस्तक आलं. जुन्या वाड्याचा म्हातारा मालक आपल्या वाढदिवशी घरच्या आणि जवळच्या माणसांना घेऊन फोटो काढतो. फोटो काढून होतो न होतो तोच सरबताचा घोट घेऊन तिथंच कोसळतो. सरबतात विष. स्वयंपाकी जबानीत सांगतो, की पेला मालकांच्या डाव्या हाताला तिपाईवर ठेवला होता आणि तिथं हात पोचण्यासारखं एकच माणूस होतं, मालकांच्या डाव्या बाजूला बसलेलं. कोण बसलं होतं, हे मजकुरात कुठंच दिलेलं नाही. ते फक्त त्या फोटोच्या चित्रात आहे. पाच खुर्च्या, पाच माणसं, सगळी आपल्याकडे तोंड करून बसलेली. तिपाई मालकाच्या खुर्चीमागं दडलेली.

त्या दिवशी शाळेत पालकसभा झाली होती आणि माझं डोकं दुखत होतं. मी चित्र भरभर वाचलं. "आधी डॉक्टर, मग बहीण, मधे मालक, मग पुतण्या, शेवटी वकील. झालं." नान्नांनी डोळे मिटून मान हलवली. नेहमीसारखे प्रश्न विचारले नाहीत. मला वाटलं, बरं झालं.

शिवणीपर्यंत आलो. मी पुतण्याचं नाव लिहिलं. अम्मानं मिशा काढल्या; चित्रात मिशा एकट्या पुतण्यालाच होत्या. नान्नांनी जाड मार्करनं, बोटानं कागदाची कड चाचपत, मोठ्या अक्षरांत लिहिलं, "बहीण." दोरा कापला. खुनी पुतण्या होता.

गोष्ट अशी, की चित्रातला मालक आपल्याकडे तोंड करून बसलाय. म्हणजे त्याचा डावा हात आपल्या उजवीकडे, आणि तिथं पुतण्या आहे. हे विसरून जो आपलंच डावं मालकाचं डावं समजेल, तो बहिणीवर आळ घेईल. लेखकानं सापळा लावला होता तो कच्च्या वाचकासाठी. आणि त्यात अडकले नान्ना!

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण शिक्षकाची जीभ. मी म्हणाले, "अहो नान्ना, समोरच्या माणसाचं डावं-उजवं उलटं असतं ना? पाचवीतल्या पोरांना कळतं हे."

बोलता बोलताच मला उमगलं की काय बोललेय, पण तोंडातून शब्द गेला होता.  नान्ना मार्करला टोपण लावायला गेले, ते दोनदा हुकलं, तेव्हा अम्मानं लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी नवीन पुस्तक घेऊन गेले. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

"का? बरं वाटत नाही का?"

"डोळं गेलं, त्याचं काय न्हाय. पण आता डोकं बी गेलं, बिड्डा. दोन मोरातला फरक मला कळंना झाला. आता वाचून काय करायचं?"

मी समजूत काढली. एखाद्या वेळी होतं असं, म्हणाले. ते हसले. ज्यानं चाळीस वर्षं उलट-सुलट बाजूंवर पोट भरलं, त्याला ही समजूत पुरणार नव्हती, हे मलाही कळत होतं.

त्यानंतर ते एकेक गोष्ट सोडत गेले. संध्याकाळी काठी घेऊन चौकात चहाला जायचे, ते बंद झालं. रस्ता चुकलो तर, म्हणाले. गोळी घेतली की नाही हे स्वतः लक्षात ठेवायचे, आता दर तासाला अम्माला विचारू लागले. कपाटाची किल्ली कमरेला असायची, ती सोडून माझ्या हातात दिली. अम्मानं विचारलं, आमटीत मीठ बरोबर आहे का, तर म्हणाले, "मला काय कळतंय? हिला विचार." खाल्ल्या घासाचीही त्यांना खात्री राहिली नव्हती.

आणि खरं सांगायचं तर मीही ते मानलं. हीच गोष्ट मला आजही टोचते. त्यांच्याशी बोलताना माझा आवाज नकळत मोठा आणि सावकाश झाला, बालवाडीत बोलतात तसा. त्यांच्यासमोर मी अम्माला विचारू लागले, "जेवले का हे?" एकदा त्यांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं आणि म्हणाले, "ऐकू येतंय की मला. तेवढं हाय अजून." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

काकांचा दोनदा फोन आला. पाच खुर्च्यांचं पुस्तक परत करायचं राहिलं होतं. ते माझ्या पिशवीतच होतं, बाहेर काढायची इच्छा होत नव्हती.

दसऱ्याच्या आधी अम्मानं साफसफाई काढली. मी फळीवरचे डबे उतरवत होते आणि ती फळीवर घालायला कागद शोधत होती. माळ्यावरच्या ट्रंकेतून तिनं नान्नांच्या जुन्या ग्राफांची गुंडाळी काढली आणि कात्री घेतली. मी ओरडले, "अम्मा, तो मोर आहे!"

"मग? मोर मसाल्याच्या डब्याखाली बसेल," अम्मा म्हणाली.

मी तिच्या हातातून कागद ओढून घेतला. कडा पिवळ्या पडल्या होत्या, चौकटी मात्र लख्ख होत्या. ओळीनं बोट फिरवताना उजव्या कडेला लाल पेन्सिलीचा एक बाण दिसला. त्याच्याखाली वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "इथून वाच." अक्षर माझं होतं. सुरुवातीला मी नेहमी चुकायची, शाळेच्या पुस्तकासारखी डावीकडून सुरुवात करायची, म्हणून नान्नांनी माझ्याकडूनच तो बाण काढून घेतला होता. यंत्रात कार्ड ज्या बाजूनं सरकायचं ती बाजू उजवी. ग्राफ उजवीकडून वाचायचा. मी उजवीकडून वाचायची आणि नान्ना उजवीकडून भोकं पाडायचे, वर्षानुवर्षं.

मी स्टुलावरच बसले. आधी डॉक्टर, मग बहीण, मधे मालक, मग पुतण्या, शेवटी वकील. डावं-उजवं काही मी सांगितलंच नव्हतं. भराभर, एका सुरात, ग्राफची ओळ वाचावी तशी खुर्च्यांची ओळ वाचली होती. आणि ते डोळे मिटून ऐकत होते.

तशीच उठून सांगावं असं वाटलं. पण नुसतं सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, पोरगी मन राखतेय. पुरावा हवा होता. मी अम्माकडून पाच वाट्या घेतल्या आणि नान्नांच्या पुढ्यातल्या पाटावर ठेवल्या.

"हे काय आता? पोरखेळ नको," नान्ना म्हणाले.

"एवढं एकदा. एक वाटी म्हणजे एक माणूस, मी म्हणते तशा ओळीत मांडा. मग नाही त्रास देणार." आणि त्या दिवशी वाचलं होतं अगदी तसंच, भराभर, मी म्हणाले, "आधी डॉक्टर."

नान्नांनी वाटी उचलली.  त्यांचा हात पाटावरून सरकत सरकत थेट उजव्या टोकाला गेला आणि वाटी तिथं ठेवली.

"मग बहीण." दुसरी वाटी तिच्या डावीकडे. "मधे मालक, मग पुतण्या, शेवटी वकील." शेवटची वाटी डाव्या टोकाला बसली. मधे एकदाही ते अडखळले नाहीत.

"आता सगळे आपल्याकडे तोंड करून बसलेत. मालकाच्या डाव्या हाताला कोण?"

नान्नांनी मधली वाटी चाचपली. मग बोट आपल्या उजवीकडे नेलं, डावीकडे नाही, उजवीकडे, आणि तिथल्या वाटीवर ठेवलं. "बहीण. तवा बी हेच म्हणालो. चुकलो, म्हाईत हाय की. परत कशाला?"

"चुकला नाहीत, नान्ना. तुम्ही मांडलंय त्यात ती बहीणच आहे. पण पुस्तकात डॉक्टर उजव्या टोकाला नाही बसलेला. डाव्या टोकाला आहे."

 ते वाट्यांवरून बोटं फिरवत राहिले, इकडून तिकडे, तिकडून इकडे. शेजारचे माग चालू होते. मग बोटं थांबवून म्हणाले, "म्हंजे तू कुटनं वाचलीस?"

"डावीकडून. पुस्तकासारखं. तुम्ही ऐकलंत ग्राफासारखं."

"मग चूक कुणाची?"

"माझी," मी म्हणाले. "वाचणारीची. कुठून वाचतेय हे मी सांगायला हवं होतं. वर तुम्हालाच डावं-उजवं शिकवलं."  दाराआड उभी असलेली ती दहा वर्षांची मुलगी आज इतक्या वर्षांनी बाहेर येऊन बोलत होती, असं वाटलं. "त्या मोराच्या चोचीची चूकही माझीच होती, नान्ना."

"ती म्हाईत हाय की मला," ते म्हणाले. "चार रिकाम्या होत्या." आणि एकदम त्यांचा चेहरा विरघळला. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले, पुन्हा पुसले. "लई दिवस झाले बिड्डा, मला वाटलं मी संपलो. म्हंजे डोकं हाय की जाग्यावर."

स्वयंपाकघरातून अम्मा तेलुगूत म्हणाली, "जागेवरच होतं. मी तर तेव्हाच मिशा काढल्या होत्या. मला कोण विचारतंय?"

आम्ही तिघंही हसलो. हसताना नान्नांचं रडणं थांबलं नव्हतं आणि माझंही. निघताना मी कपाटाची किल्ली त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती कमरेला लावली.

दुसऱ्या दिवशी मी पाच खुर्च्या काकांना परत केल्या. उशिराबद्दल माफी मागायला लागले, तर काकांनी शेवटची पानं उलगडून बघितली. "दोरा कापलाय, म्हंजे वाचून झालंय. मग उशीर कसला? नवीन न्या की." त्यांनी मागच्या भिंतीवरून एक पुस्तक काढून दिलं. अम्मानं ते दारातच घेतलं आणि सुईत दोरा ओवला.

तीन वाजता आम्ही बसलो. पहिलं प्रकरण बेताचंच होतं. अकराव्या पानावर चित्र आलं: आगगाडीचा डबा, सहा प्रवासी, एकाच्या मांडीवर पेटी. आता मी शहाणी झाले होते.

"नान्ना, आधीच सांगून ठेवते. डावीकडून वाचतेय हं."

"न्हाय," ते म्हणाले. डोळे मिटलेले होते आणि दोन्ही हात गुडघ्यांवर होते, यंत्रासमोर बसायचे तसे. "उजवीकडनंच वाच."

"का? पुस्तक डावीकडूनच असतं ना."

"असू दे की. तू बारकी असताना तिकडनंच वाचायचीस. मला तसंच दिसतंय."

मी पुस्तक जवळ ओढलं, चित्राच्या उजव्या कडेवर बोट ठेवलं आणि पहिला प्रवासी वाचायला घेतला.